‘बोलून बसलो’ कळतं, मग ‘बॅक डाउन’ का अडतं?

तो बोलून गेला. तो बोलून बसला. त्याने बोलून टाकलं. त्याने बोलून दाखवलं. क्रिया एकच, बोलण्याची. तरी ‘बोलून बसला’ ऐकलं की पुढचा पस्तावा कळतो आणि ‘बोलून टाकलं’ ऐकलं की मन मोकळं झाल्याचं कळतं. इथे कोणी बसलेलं नसतं, कोणी काही फेकलेलंही नसतं. ही संयुक्त क्रियापदं मराठी मूल शाळेत जाण्याआधीच वापरू लागतं, तीही अचूक.

इंग्रजी हेच काम दुसऱ्या पद्धतीने करते. क्रियापदापुढे ‘अप’, ‘डाउन’, ‘ऑफ’, ‘आउट’ असा एखादा छोटा शब्द येतो आणि अर्थ पार बदलतो. सॅम्युएल जॉन्सनने 1755 साली आपल्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेत लिहून ठेवलं होतं की परकीयांना सर्वांत अवघड जातात त्या याच जोड्या. त्याने दिलेल्या उदाहरणांत मतभेदाच्या प्रसंगी लागणाऱ्या दोन आहेत: ‘बेअर आउट’ म्हणजे एखाद्या म्हणण्याला पुष्टी देणं आणि ‘फॉल इन’ म्हणजे दुसऱ्याचं म्हणणं मान्य करणं. ‘फ्रेजल व्हर्ब’ हे नाव मात्र रूढ झालं ते 1925 नंतर, लोगन पिअर्सल स्मिथच्या पुस्तकामुळे.

या जोड्या मेंदूत कशा राहतात? दोन शब्द वेगवेगळे साठवून बोलताना नियमाने जुळवले जातात, की अख्खी जोडी एकाच शब्दासारखी साठवलेली असते? मेंदूतल्या विद्युतप्रवाहांमुळे निर्माण होणारं अतिशय क्षीण चुंबकीय क्षेत्र मोजून 2010 साली संशोधकांनी याचा शोध घेतला. ओळखीचा शब्द कानावर पडला की निरर्थक ध्वनींच्या तुलनेत मेंदूचा प्रतिसाद जास्त जोरकस असतो. व्याकरणाने जुळवलेल्या शब्दांच्या बाबतीत उलट घडतं, तिथे चुकीच्या जुळणीला प्रतिसाद मोठा येतो. इंग्रजी मातृभाषा असलेल्यांना ‘हीट अप’सारख्या रूढ जोड्या आणि कोणीच न वापरणाऱ्या जोड्या ऐकवल्या, तेव्हा रूढ जोड्यांना प्रतिसाद जास्त मिळाला. म्हणजे अख्खी जोडी मेंदूत एकाच शब्दासारखी ठेवलेली असते.

मला हा निष्कर्ष फार महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्याकडे शिकवलं जातं ते नेमकं याच्या उलट. आधी ‘बॅक’चा अर्थ, मग ‘डाउन’चा अर्थ, मग बेरीज. ती बेरीज जुळत नाही. भारतभर ऐकू येणारं ‘कोप अप विथ’ पाहा. प्रमाण इंग्रजीत नुसतं ‘कोप विथ’ आहे. ‘कीप अप विथ’ आणि ‘कॅच अप विथ’ यांच्या जोरावर आपण त्यात ‘अप’ घुसवला.

शिकणारे या जोड्या टाळतातही. हिब्रू भाषक विद्यार्थी त्यांच्याऐवजी एकाच शब्दाचं क्रियापद निवडतात, असं 1985च्या एका अभ्यासात दिसलं. त्यांच्या भाषेत अशी रचनाच नाही, म्हणून ते समजण्यासारखं होतं. पण 1989मध्ये डच विद्यार्थीही काही लाक्षणिक जोड्या टाळताना आढळले, आणि डच भाषेत तर अशी क्रियापदं भरपूर आहेत. आपणही ‘पुट ऑफ’ऐवजी ‘पोस्टपोन’ आणि ‘पुट अप विथ’ऐवजी ‘टॉलरेट’ म्हणतो. ते चूक नाही, पण गप्पांमध्ये अर्जाची भाषा आल्यासारखं वाटतं.

मतांबद्दल बोलायचं असेल तर मराठी माणसाच्या हाताशी एक मोठी मदत आहे. मत म्हणजे उभं राहायची जागा, हे चित्र दोन्ही भाषांत आहे. आपण मतावर ठाम राहतो, इंग्रजी माणूस ‘स्टँड बाय’ करतो. आपण माघार घेतो, तो ‘बॅक डाउन’ करतो. आपलं मन वळतं, तो वळसा घालून आपल्या बाजूला येतो: ‘कम राउंड’. आपण एखाद्याच्या म्हणण्याला पाठबळ देतो, तिथे ‘बॅक अप’मध्येही पाठच आहे. चित्र सापडलं की जोडी लक्षात राहते. हंगेरीतल्या विद्यार्थ्यांवर झालेल्या आणि 1996मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही, ‘अप’ आणि ‘डाउन’मागची रूपकं समजावून घेतलेला गट नुसतं पाठांतर करणाऱ्यांपेक्षा सरस ठरला.

पसारा वाटतो तेवढा अफाटही नाही. ब्रिटिश नॅशनल कॉर्पस या इंग्रजी मजकुराच्या प्रचंड संग्रहात जितक्या वेळा फ्रेजल व्हर्ब येतात, त्यांतल्या निम्म्याहून अधिक वेळा ती फक्त 20 क्रियापदं आणि 8 छोटे शब्द यांच्या जोड्यांतून बनलेली असतात, असं 2007च्या एका अभ्यासात दिसलं. अडचण अर्थांची आहे. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या शंभर जोड्यांना सरासरी पाचाहून अधिक अर्थ निघतात. ‘ब्रिंग अप’ म्हणजे विषय काढणं, मूल वाढवणं आणि ओकणंसुद्धा! म्हणून यादी पाठ करू नका, पूर्ण वाक्यच तोंडी बसवा. ‘व्हाय डिड यू ब्रिंग इट अप?’ म्हणजे ‘हा विषय कशाला काढलास?’

या वाक्यात ‘इट’ मधोमध आलं आहे. काही जोड्यांमध्ये सर्वनाम असं आतच लागतं, ‘ब्रिंग अप इट’ चालत नाही. ‘स्टँड बाय’मध्ये मात्र ते शेवटी येतं: ‘आय सेड इट अँड आय स्टँड बाय इट.’ आणि पुढे कधी बोलून बसल्याचं लक्षात आलं, तर ‘इट’ पुन्हा आत: ‘आय टेक इट बॅक.’ शब्द मागे घेतो.