मुडदूस, काळोखी खोली आणि चारशे युनिटांचा थेंब

बाळंतिणीची खोली म्हटली की जुन्या माणसांना काळोख आठवतो. खिडकी बंद, बाजेखाली शेगडी, ओव्याची धुरी. बाळाला वारा लागू नये म्हणून हा सगळा बंदोबस्त, पण त्यात ऊनही बाहेरच राहायचं. या काळोखाचा हाडांशी काय संबंध, हे कळायला विसाव्या शतकाची पहिली पंचवीस वर्षं गेली.

मुडदुसात वाढतं हाड कडक होत नाही. मनगटं जाड होतात, टाळू लवकर भरत नाही, मूल चालू लागलं की पाय धनुकलीसारखे वाकतात. फ्रान्सिस ग्लिसनने १६५० मध्ये या आजारावर अख्खा ग्रंथ लिहिला, पण कारण हाती लागलं नव्हतं. पुढे कारखान्यांच्या धुराने काळवंडलेल्या इंग्लंडच्या शहरांत तो घरोघरी दिसू लागला. थिओबाल्ड पाम हा मिशनरी डॉक्टर जपानमधल्या नीगाताला राहून आला होता. तिथे गरिबी होती, मुडदूस मात्र दिसत नव्हता. फरक उन्हाचा आहे, असं त्याने १८९० मध्ये लिहिलं. फारसं कुणी मनावर घेतलं नाही.

मग दोन तट पडले. इंग्लंडच्या एडवर्ड मेलनबीने घरात कोंडलेल्या कुत्र्याच्या पिल्लांना ओटची लापशी खाऊ घालून मुडदूस आणला आणि कॉडलिव्हर तेलाने, म्हणजे कॉड माशाच्या यकृताच्या तेलाने, तो बरा केला. म्हणजे दोष आहाराचा. त्याच सुमारास, १९१९ मध्ये, बर्लिनच्या कुर्ट हुल्डशिन्स्कीने आजारी मुलांवर अतिनील किरणांचा दिवा धरला आणि तीही बरी झाली. त्याने एका मुलाच्या एकाच हातावर किरण सोडले, तर एक्स-रेत दुसऱ्या हाताचं हाडही सुधारलेलं दिसलं. याचा अर्थ, कातडीत काहीतरी तयार होऊन रक्तातून सगळीकडे जात होतं. हॅरिएट चिक या इंग्रज संशोधिकेच्या गटाने युद्धानंतरच्या उपाशी व्हिएन्नात तेल आणि ऊन दोन्ही लागू पडतात हे मुलांवरच तपासून दाखवलं.

आपल्या दारातला पुरावाही याच काळातला. हचिसन नावाच्या डॉक्टरने १९२१-२२ च्या सुमारास मुंबई इलाख्यात पाहणी केली. शेतात राबणाऱ्या बायकांची मुलं बांधावर उघड्यावर निजत. पोटाला जेमतेम मिळे, तरी त्यांना मुडदूस नव्हता. पडदा पाळणाऱ्या सुखवस्तू मुसलमान आणि उच्चवर्णीय हिंदू घरांत खायची ददात नव्हती, पण बाळ आईबरोबर महिनोन्महिने अंधाऱ्या खोलीत असे, आणि मुडदूस तिथे होता. मला तरी या सगळ्या कथेतला हाच भाग सर्वांत बोलका वाटतो.

१९२२ मध्ये अमेरिकेतल्या मॅकॉलम या शास्त्रज्ञाने कॉडलिव्हर तेलातलं अ जीवनसत्त्व नष्ट करूनही ते मुडदुसावर चालतं हे दाखवलं, आणि त्या घटकाला ड जीवनसत्त्व हे नाव मिळालं. वास्तविक शरीर उन्हात ते स्वतःच बनवतं, तेव्हा जीवनसत्त्व हे नावच जरा चुकीचं.

नवजात बाळाजवळ आईने दिलेली शिदोरी असते. आईच्याच रक्तात ड कमी असेल तर बाळ रिकाम्या हाताने येतं. अंगावरच्या दुधात सगळं असतं, ड मात्र फारच थोडं. कॅल्शियमचा मोठा वाटा गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत बाळाकडे जातो, त्यामुळे अपुऱ्या दिवसांच्या बाळाची हाडं आणखी कच्ची. मग कोवळं ऊन? तेलमालिश करून सकाळी सातला ओसरीवर धरलेलं बाळ छान शेकतं, पण अंगाची सावली अंगापेक्षा लांब पडते तोवर उन्हात ड बनवणारे किरण नावापुरतेच असतात. काचेतून तर ते येतच नाहीत. आणि तान्ह्याला भर दुपारच्या उन्हात कोण धरणार?

म्हणून ड जीवनसत्त्वाचे थेंब आले. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्ये पहिल्या काही दिवसांपासूनच रोज ४०० युनिट, म्हणजे १० मायक्रोग्रॅम, द्यायला सांगितलं. भारतीय बालरोगतज्ज्ञांचाही पहिल्या वर्षासाठी आकडा हाच.

जास्तीचं दुखणंही जुनंच आहे. १९५० च्या दशकात ब्रिटनमध्ये बाळांच्या दुधाच्या पावडरीत, खिमटीच्या पिठात आणि वर कॉडलिव्हर तेलात, असं तिन्हीकडून ड जात होतं. काही बाळांच्या रक्तात कॅल्शियम फार चढलं. १९५७ मध्ये तिथे मात्रा उतरवावी लागली. २०१० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने बजावलं, की बाळाच्या बाटलीबरोबरच्या ड्रॉपरमध्ये ४०० युनिटांहून जास्त मावताच कामा नये. आपल्याकडे मेडिकलच्या एकाच फळीवर एका मिलीत ४०० वाली आणि एका मिलीत ८०० वाली अशा दोन्ही बाटल्या मिळतात. ड्रॉपर एका मिलीचा असेल तर पहिलीत पूर्ण ड्रॉपर, दुसरीत अर्ध्या खुणेपर्यंत.