अ‍ॅकिलच्या गाडीत भूत नाहीये

आयर्लंडच्या रेल्वेतली भुतं या विषयावर व्हिडिओ किंवा लिस्ट आली की अ‍ॅकिल बेटाच्या रेल्वेची गोष्ट येतेच येते. ‘मृतांची ट्रेन’, ‘शापित लाईन’, मागे पावसाचा आवाज, आणि फोटो बघावा तर इंग्लंडमधल्या कुठल्यातरी पुलाचा. शंभर वेळा बघून झालंय म्हणून आता लिहूनच टाकतो, अ‍ॅकिलच्या गोष्टीत भूत नाहीये. एकही नाही. कुणी दिसत नाही, कुणी झपाटत नाही, रात्री-बेरात्री कुठली गाडी धावत नाही. ती भाकिताची गोष्ट आहे, आणि भाकीत आणि भूत हे दोन वेगळे प्रकार आहेत.

भुताची गोष्ट काय असते हे मराठी माणसाला शिकवायला नको. कुणीतरी अवेळी गेलं, जीव अडकला, जागा सुटत नाही, मग अमावस्येला म्हणा नाहीतर त्याच तारखेला म्हणा, दिसतं किंवा ऐकू येतं. आयर्लंडमध्ये अशा गोष्टींना रेल्वेने जागाही भरपूर करून दिली, कारण 1920 च्या सुमारास त्या एवढ्याशा बेटावर साधारण साडेपाच हजार किलोमीटर रूळ होते आणि नंतरच्या काही दशकांत त्यातले अर्ध्याहून जास्त गेले. उरलं काय, तर रिकामी स्टेशनं, बंद बोगदे, गवताने भरलेले बांध. बंद लाईनवरून गाडी गेल्याचा आवाज, सिग्नल केबिनमध्ये उभं असलेलं कुणीतरी, असला सगळा माल तिथला. तो तुम्हाला माहितीये, पुढे जाऊया.

आता अ‍ॅकिल. मेयो परगण्यातलं, पश्चिम किनाऱ्यावरचं बेट. गोष्ट अशी सांगतात की सतराव्या शतकात तिकडच्याच एरिस भागात ब्रायन रुआ नावाचा एक द्रष्टा होता, रुआ म्हणजे तांबड्या केसांचा, आणि तो म्हणाला होता की एक दिवस लोखंडी चाकांच्या, धूर आणि आग ओकणाऱ्या गाड्या अ‍ॅकिलला येतील, आणि पहिल्या आणि शेवटच्या गाडीत मढी असतील.

14 जून 1894. अ‍ॅकिलची तरुण पोरंपोरी स्कॉटलंडला बटाटे काढायच्या मजुरीला निघाली होती, दरवर्षी जायची तशी. मेयोतल्याच वेस्टपोर्ट बंदरात ग्लासगोची आगबोट पकडायची म्हणून शिडाच्या होडीतून निघाले, होडीत शंभराच्या वर माणसं. बंदराजवळ आल्यावर आगबोट बघायला सगळे एका बाजूला धावले, होडी उलटली, 32 जण बुडाले. वेस्टपोर्ट ते अ‍ॅकिल लाईनचं काम तेव्हा चालू होतं, शेवटचा टप्पा उघडलाही नव्हता, पण त्यावरून खास गाडी काढून मृतदेह घरी आणले. मग 16 सप्टेंबर 1937, स्कॉटलंडमधलं कर्किनटिलॉक. अ‍ॅकिलचेच 10 जण, त्यातले काही तर पोरसवदा, बटाट्याच्याच कामाला गेलेले, रात्री झोपायच्या खोपटाला आग लागून गेले. जहाजाने डब्लिन आणि तिथून रेल्वेने अ‍ॅकिल. त्याच महिन्याच्या शेवटी लाईन कायमची बंद झाली.

अंगावर काटा येतो, मान्य. पण हे ‘डरावना’ असणं आणि भुताचं असणं यात लोकांची गल्लत होते, आणि ती नेमकी कुठे होते ते सांगतो, बाकीचे फरक किरकोळ आहेत. भूत एका जागेला चिकटतं आणि भाकीत माणसाच्या नावावर चालतं, भूत रात्री आणि भाकीत भर दिवसा, हे सगळं सोडून द्या. खरा फरक तारखेचा आहे. भुताच्या गोष्टीत आधी मरण, मग गोष्ट. तिला तारखेची गरजच नसते. ‘आमच्या आजोबांनी पाहिलं’ एवढ्यावर भागतं, कारण विचारायचा प्रश्न एकच, कुणी पाहिलं? भाकिताच्या गोष्टीत मात्र सगळा जोर एका शब्दावर असतो, ‘आधीच’. आधीच सांगितलं होतं. तो ‘आधीच’ काढून घेतला की खाली काही उरत नाही, दोन अपघात उरतात. म्हणून इथे प्रश्न ‘कुणी पाहिलं’ हा नाहीये, ‘कागदावर कधी आलं’ हा आहे. आणि हा प्रश्न कोणी विचारतच नाही, कारण भुताची गोष्ट ऐकायची सवय असलेला माणूस साक्षीदार शोधत बसतो.

तर विचारू. ब्रायन रुआची भाकितं गोळा करून छापली गेली ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, म्हणजे सतराव्या शतकाच्या माणसाचं बोलणं पुस्तकात आलं ते पहिली गाडी मृतदेह घेऊन गेल्यानंतर काही वर्षांनी. त्याआधी तोंडोतोंडी होतं, असेलही, पण तोंडोतोंडी चालणारी गोष्ट घडलेल्या प्रसंगाप्रमाणे स्वतःला नीट करून घेते, कोणी मुद्दाम खोटं बोललं पाहिजे असं काही नाही. आणि ‘शेवटची गाडी’ हा अर्धा भाग तर 1937 शिवाय खरा ठरूच शकत नव्हता. त्यामुळे ‘तीनशे वर्षं जुनी गोष्ट’ म्हणून जी आपल्यापुढे येते ती आत्ताच्या पूर्ण आकारात, म्हणजे दोन्ही गाड्या खऱ्या ठरल्यासकट, सप्टेंबर 1937 च्या आधीची असूच शकत नाही. गंमत म्हणजे आयरिश लोककथा आयोगाने शाळेतल्या मुलांकडून घरच्या म्हाताऱ्यांच्या गोष्टी लिहून घ्यायची मोठी मोहीम काढली तीही 1937 ते 1939 याच काळात. आग ताजी, लाईन नुकतीच बंद, आणि देशभरातली पोरं वह्या घेऊन आजीसमोर बसलेली.

अजून एक, आणि हा माझा आवडता मुद्दा. ‘पहिली’ आणि ‘शेवटची’ म्हणजे नक्की कुठली? वेस्टपोर्ट ते न्यूपोर्ट हा तुकडा फेब्रुवारी 1894 मध्येच चालू झाला होता, जूनमधल्या त्या गाडीच्या आधी चार महिने साध्या पॅसेंजर गाड्या धावत होत्या. अ‍ॅकिलपर्यंत रीतसर सेवा सुरू झाली मे 1895 मध्ये. म्हणजे ती गाडी पहिली ठरते फक्त पुढच्या, न उघडलेल्या तुकड्यावर. शेवटचं तर विचारूच नका. ही लाईन 1934 च्या अखेरीस एकदा बंद झाली होती! मग 1936 मध्ये परत सुरू केली आणि 30 सप्टेंबर 1937 ला कायमची गेली. आगीत गेलेल्यांची गाडी त्याच्या साधारण दहा दिवस आधीची, त्यानंतरही काही दिवस गाड्या होत्याच. समजा 1935 साली अ‍ॅकिलमध्ये कुणाला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, शेवटची गाडी येऊन गेली, मढी काही आली नाहीत, ब्रायन रुआ चुकला. भुताच्या गोष्टीला असली परीक्षा कधी द्यावी लागत नाही, भूत चुकू शकत नाही कारण ते आधी काही सांगतच नाही.

योगायोग म्हणून बाजूला सारा असंही मी म्हणत नाहीये हं. दोन्ही वेळा मेलेली माणसं एकाच वाटेवरची होती, अ‍ॅकिलहून स्कॉटलंडच्या बटाट्याच्या शेतात जाणारी, आणि ही लाईन म्हणजे त्याच वाटेचा तुकडा. 1894 ला ती पूर्ण असती तर होडीत बसून वेस्टपोर्टला जायची गरजच नव्हती. या लाईनवरून सामुदायिक मरण कधी घरी आलंच तर ते याच मजुरांचं येणार हे ओळखायला द्रष्टा लागत नाही. 1937 च्या आगीनंतर आयरिश सरकारने हंगामी मजुरांच्या स्थलांतरावर समितीही नेमली होती. व्हिडिओवाल्यांना हा भाग कधी सापडत नाही, त्यांना फक्त धुकं सापडतं, आणि खऱ्या 42 माणसांच्या मरणावर ‘हाँटेड’ असं लाल अक्षरात लिहिणं मला तरी घाणेरडं वाटतं.

जाता जाता, याच गडबडीतले दोन उपप्रकार. आयरिश लोककथांतली बॅन्शी म्हणजे हडळ नव्हे. ती कुणाला मारत नाही, धरत नाही, ठराविक घराण्यांत मरण येणार असलं की आधी रडते, म्हणजे खरं तर ती भाकिताच्या बाजूला जाते, भुताच्या नाही. आणि रेल्वेचा बांध घालताना जुनी गोल गढी फोडली म्हणून मजुराचं वाईट झालं अशा जातीच्या ज्या गोष्टी असतात त्या परी लोकांच्या, तेही मेलेले नव्हेत (निदान बहुतेक वेळा). त्यांचा राग जागेवरून असतो, आपल्याकडे राखणदाराचा असतो तसा काहीसा. यावर फार वाद घालत बसायची माझी तयारी नाही, कारण सांगणारी माणसंच हे धागे सरमिसळ करतात.

त्या बांधावरून आता सायकल ट्रॅक जातो, वेस्टपोर्ट ते अ‍ॅकिल साधारण 42 किलोमीटर, ग्रेट वेस्टर्न ग्रीनवे म्हणतात. तिथे कुणाला रात्री इंजिनाची शिटी ऐकू आली तर ती भुताची गोष्ट, बिनधास्त टाका लिस्टमध्ये, मी एका शब्दाने काही म्हणणार नाही. ब्रायन रुआला मात्र त्या लिस्टमधून काढा.