म्हातारे बेसबॉलपटू आपल्या जर्स्या लिलावात का काढतात? थोडी पार्श्वभूमी

दर वर्षा-दोन वर्षांनी अमेरिकेतून अशी एखादी बातमी येतेच की अमुक निवृत्त बेसबॉलपटूने आपली जर्सी, बॅट, ट्रॉफी सगळं लिलावात काढलं, आणि ऐकणाऱ्याचं पहिलं वाक्य ठरलेलं, अरेरे बिचाऱ्यावर काय वेळ आली. आपल्याकडे कुणी घरातलं सोनं मोडलं असं कळल्यावर जसा आवाज खाली येतो तसंच काहीसं. कधीकधी खरंच वेळ आलेली असते, नाही असं नाही, पण बऱ्याचदा गोष्ट वेगळीच असते आणि तिची मुळं पार पन्नास-साठ वर्षं मागे जातात.

डॉन लार्सनचंच घ्या. हा न्यूयॉर्क यांकीजचा पिचर, म्हणजे बॉल टाकणारा. ८ ऑक्टोबर १९५६, यांकी स्टेडियम, वर्ल्ड सिरीज म्हणजे सीझनच्या शेवटच्या फायनल मालिकेची पाचवी मॅच, समोर ब्रुकलिन डॉजर्स. लार्सनसमोर २७ बॅटर आले आणि २७ च्या २७ आऊट होऊन परत गेले, एकही जण पहिल्या बेसपर्यंतसुद्धा पोचला नाही. याला परफेक्ट गेम म्हणतात, आणि वर्ल्ड सिरीजच्या आख्ख्या इतिहासात तो एकच. ९७ बॉलमध्ये खेळ खल्लास. शेवटचा स्ट्राइक पडला तसा कॅचर, म्हणजे आपल्या विकेटकीपरसारखा, योगी बेरा धावत सुटला आणि लहान पोर बापाच्या कडेवर उडी मारतं तशी त्याने लार्सनच्या अंगावर उडी घेतली, तो फोटो अमेरिकेत अजून फिरतो. गंमत म्हणजे हा लार्सन एरवी अगदी साधा पिचर, करिअरचा हिशोब ८१ विजय आणि ९१ पराभव, म्हणजे जिंकल्यापेक्षा हरलाच जास्त. पण त्या दिवशी अंगावर असलेला युनिफॉर्म त्याने जपून ठेवला आणि २०१२ मध्ये, वयाच्या ८३ व्या वर्षी, नातवंडांच्या कॉलेजच्या फीसाठी विकला. आले ७ लाख ५६ हजार डॉलर.

आता प्रश्न असा की वर्ल्ड सिरीज गाजवलेल्या माणसाला नातवंडांच्या फीसाठी कपडे का विकावे लागावेत. तर त्या काळी बेसबॉलमध्ये रिझर्व्ह क्लॉज नावाची भानगड होती. करार संपला तरी खेळाडूवरचा हक्क क्लबकडेच राहायचा, म्हणजे एकदा सही केली की मालक सोडेल किंवा दुसऱ्या टीमला देऊन टाकेल तेव्हाच सुटका, आणि तो देईल तो पगार मुकाट घ्यायचा नाहीतर घरी बसायचं. १९६७ सालीसुद्धा मेजर लीगचा, म्हणजे सगळ्यात वरच्या लीगचा, किमान पगार वर्षाला ६,००० डॉलर होता आणि तो वीसेक वर्षांत फक्त हजाराने वाढला होता, वाचून मला तर आधी छपाईची चूक वाटली होती. सीझन संपला की खेळाडू कुठे इन्शुरन्स विक, कुठे गाड्या विक असं करायचे. खुद्द योगी बेरा आणि फिल रिझुटो, दोघंही वर्ल्ड सिरीज जिंकलेले, हिवाळ्यात न्यूअर्कच्या एका कपड्याच्या दुकानात गिऱ्हाइकांना सूट दाखवायचे.

१९६६ ला मार्विन मिलर खेळाडूंच्या युनियनचा प्रमुख झाला आणि तिथून चक्र फिरायला लागलं. कर्ट फ्लड या खेळाडूने रिझर्व्ह क्लॉजविरुद्ध केस केली आणि १९७२ ला सुप्रीम कोर्टात हरला, पण डिसेंबर १९७५ मध्ये अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली या पिचरांच्या प्रकरणात लवाद पीटर साइट्झ यांनी निकाल खेळाडूंच्या बाजूने दिला. त्यानंतर पगार असे सुटले की १९७६ ला सरासरी पन्नासेक हजार डॉलर होती ती १९९२ ला दहा लाखांवर गेली. म्हणजे जो १९७४ ला रिटायर झाला आणि जो १९८४ ला झाला, खेळ तोच, घामही तेवढाच, पण एकाच्या घरी बंगला आणि दुसऱ्याच्या घरी पेटीत एक लोकरीची जर्सी.

ती जर्सी तरी पेटीत असणं हेसुद्धा नशीबच. युनिफॉर्म क्लबच्या मालकीचा असायचा, मेजर लीगच्या जाड फ्लॅनेलच्या जर्स्या सीझन संपला की धुऊन खालच्या मायनर लीगच्या पोरांना घालायला जायच्या, मोठ्या भावाचा शर्ट धाकट्याला तसं. तिथे त्या घासून घासून फाटायच्या. म्हणूनच १९७० च्या आधीच्या खऱ्या वापरलेल्या जर्स्या इतक्या कमी सापडतात आणि म्हणूनच त्यांना एवढा भाव.

भाव चढला तो मात्र नंतर. साठच्या दशकात जुन्या सामानाला फारसं कोण विचारत होतं? १९६१ ला यांकीजच्या रॉजर मॅरिसने एका सीझनमधला ६१ वा होमरन (आपल्या सिक्सरसारखा फटका) मारून बेब रूथचा विक्रम मोडला, तो बॉल स्टँडमधल्या एका १९ वर्षांच्या पोराने पकडला, त्याला एका हॉटेलवाल्याने ५,००० डॉलर दिले तर केवढी चर्चा झाली होती. ऐंशीच्या दशकात चित्र पालटलं कारण मॅरिस आणि त्याचा यांकीजमधला जोडीदार मिकी मँटल यांना बघत वाढलेली पोरं आता चाळिशीची डॉक्टर-वकील झाली होती, खिशात पैसा आणि डोक्यात लहानपण. कार्ड शो, म्हणजे खेळाडूंची कार्डं जमवणाऱ्यांचे मेळावे, निघाले, टेबलामागे जुना हिरो बसायचा, समोर रांग, सहीमागे ठरलेले पैसे. याच मिकी मँटलला १९८३ मध्ये, अटलांटिक सिटीच्या कसिनोत पाहुण्यांशी हात मिळवायची नोकरी धरली म्हणून, बेसबॉलने बाहेर काढलं होतं, त्याच्या आधी विली मेज या दुसऱ्या जुन्या हिरोलाही तसंच, आणि दोघांना १९८५ ला परत घेतलं. पुढे बघावं तर मँटलचा १९६० चा ग्लव्ह १९९९ च्या लिलावात नट बिली क्रिस्टलने २ लाख ३९ हजाराला घेतला, आणि मँटलचा खेळतानाचा सगळ्यात मोठा वार्षिक पगार होता एक लाख.

रोखीचा पैसा आला तशा रोखीच्या भानगडी पण आल्या. पीट रोझ, ड्यूक स्नायडर, विली मॅककोवी हे तिघे जुने स्टार वेगवेगळ्या वेळी टॅक्सच्या लफड्यात सापडले, सह्या करून मिळालेलं उत्पन्न दाखवलं नाही म्हणून. आणि बनावट मालाचं तर विचारूच नका. एफबीआयने नव्वदच्या दशकाच्या शेवटी ऑपरेशन बुलपेन नावाने धाडी टाकल्या तेव्हा कळलं की खोट्या सह्यांचे अक्षरशः कारखानेच चाललेत. टोनी ग्विन या नामांकित बॅटरला स्वतःच्याच क्लबच्या दुकानात स्वतःच्याच नावाच्या खोट्या सह्या दिसल्या होत्या, याहून जास्त काय सांगायचं. बॅरी हॅल्पर या बड्या संग्राहकाचा खजिना १९९९ ला सदबीज या लिलाव कंपनीने विकला, दोन कोटी डॉलरच्या वर गेला, आणि त्याच्या संग्रहातल्या काही नावाजलेल्या वस्तू पुढे खोट्या ठरल्या. म्हणून २००१ पासून मेजर लीगने आपली माणसं मैदानावर बसवली, ती बॉल-बॅट तिथल्या तिथे हातात घेऊन होलोग्राम चिकटवतात.

या खोट्याच्या सुळसुळाटाने म्हाताऱ्या खेळाडूंचं मात्र भलं केलं असं मला वाटतं. १९५६ च्या जर्सीला होलोग्राम कुठला असणार? तिची खात्री एकच माणूस देऊ शकतो, ज्याने ती घातली तो. जर्सीसोबत खुद्द खेळाडूचं सहीचं पत्र आलं की बोली लावणाऱ्याचा हात मोकळा होतो, आणि माणूस गेला की ते पत्रही नाही. २०१० ते २०१३ च्या आसपास जी रांग लागली ती उगाच नाही. ओझी स्मिथने आपले १३ च्या १३ गोल्ड ग्लव्ह (उत्तम फील्डिंगचं बक्षीस) विकले, ५ लाख १९ हजार. जिम पामरने तिन्ही साय यंग अवॉर्ड (सर्वोत्तम पिचरचं बक्षीस) काढले. बिल मॅझरॉस्कीने १९६० ची वर्ल्ड सिरीज ज्या होमरनने जिंकून दिली त्या दिवशीचा युनिफॉर्म ६ लाख ३२ हजारांना गेला.

आणि कर्क गिब्सन. १९८८, वर्ल्ड सिरीजची पहिली मॅच, दोन्ही पाय कामातून गेलेले, तरी लंगडत बॅटिंगला आला, समोर पिचर डेनिस एकर्सली, आणि शेवटी असा फटका की मॅच तिथेच संपली. २०१० मध्ये त्याने ती बॅट विकली ५ लाख ७५ हजारांना, जर्सी ३ लाखांना, हेल्मेट दीड लाखाला. आता हा काही गरीब नव्हता, तेव्हा अॅरिझोनाच्या टीमचा मॅनेजर होता. म्हणजे अरेरे म्हणायची इथे सोयच नाही. अशा लोकांचा हिशोब साधा असतो, वस्तू घरात ठेवायची तर चोरी-आगीची धास्ती, इन्शुरन्सचा हप्ता, आणि एक बॅट तीन मुलांत वाटायची कशी? करवतीने? पैसे वाटता येतात.

म्युझियमला का देत नाहीत असं विचारलं जातं. कूपरस्टाउनचं हॉल ऑफ फेम वस्तू विकत घेत नाही, दान दिली तर घेतं किंवा काही काळ उसनी ठेवतं. कर्ट शिलिंग या पिचरचा २००४ च्या वर्ल्ड सिरीजमधला रक्ताळलेला मोजा असाच तिथे उसना होता, मग त्याची व्हिडिओ गेमची कंपनी बुडाली आणि २०१३ ला मोजा ९२ हजारांना विकला गेला. त्याच्या आधीच्या, यांकीजविरुद्धच्या मॅचमधला तसलाच मोजा त्याने ड्रेसिंग रूमच्या कचऱ्याच्या डब्यात टाकला होता. हा खराखुरा अडचणीतला लिलाव, आणि तो नेमका करोडो कमावलेल्या पिढीतल्या माणसाचा.

खरी अडचण ज्यांची आहे ते या बातम्यांत येतच नाहीत. १९८० पर्यंत पेन्शनला चार वर्षं मेजर लीग खेळलेलं लागायचं, मग नियम बदलून ४३ दिवसांवर आणला, पण आधीच्यांना तो लागू केला नाही. दोन-तीन वर्षं खेळून खांदा गेला म्हणून घरी गेलेले शेकडो जण असे मधल्यामध्ये लटकले. २०११ ला कुठे त्यांच्यासाठी रक्कम ठरली, प्रत्येक ४३ दिवसांच्या खेळामागे वर्षाला ६२५ डॉलर, कितीही झालं तरी तेव्हा १०,००० च्या वर नव्हती, आणि माणूस गेला की बायकोला त्यातलं काही मिळत नाही. लार्सनकडे निदान एक दुपार होती विकायला. यांच्या जर्स्या मायनर लीगच्या पोरांनी कधीच फाडल्या, आणि एखादी वाचली असली तरी मागच्या नंबरवरून ती कुणाची हे ओळखणारा गिऱ्हाईक कुठून आणायचा.