कोकणातील स्वयंसेवकांचा गौरव

वाडीच्या, गावाच्या किंवा परिसराच्या कामासाठी मोबदला न घेता वेळ आणि श्रम देणाऱ्या व्यक्तींचा त्यांच्याच समाजाने जाहीर सन्मान करण्याची कोकण किनारपट्टीवरील प्रथा. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत ती विशेष रुजलेली आहे. गावचे देवस्थान, ग्रामविकास मंडळ, मुंबईतील गाववाल्यांचे मंडळ, सार्वजनिक वाचनालय, शाळा, ग्रामपंचायत आणि सरकारी खाती अशा वेगवेगळ्या पातळ्यांवर हे सन्मान होतात. शाल, श्रीफळ आणि मानपत्र हे त्यांचे परिचित रूप असले, तरी कोणाला निवडावे, कोणत्या कामासाठी निवडावे आणि निवड कोणी करावी या तीन प्रश्नांवरच या प्रथेचे मोल ठरते.

जुन्या गावऱ्हाटीत, म्हणजे गावाच्या परंपरागत कारभारात, मानाची व्यवस्था होती, परंतु ती सेवेवर नव्हे, तर घराण्यावर आधारलेली होती. पालखी प्रथम कोणी उचलायची, होळीचा पहिला नारळ कोणाचा, देवळात विडा कोणाच्या हाती द्यायचा हे बारा-पाच मानकऱ्यांच्या, म्हणजे परंपरेने मान असलेल्या घराण्यांच्या, ठरलेल्या क्रमाने चाले. ज्याचा मान त्याचाच, त्याने वर्षभर गावासाठी काही केले असो वा नसो. दुसरीकडे, पावसाळ्यापूर्वी वहाळावर (ओढ्यावर) साकव म्हणजे लहान पूल टाकणे, पाखाडीचे (दगडी पायवाटेचे) निखळलेले चिरे बसवणे, विहिरीतला गाळ उपसणे, पावसात आजाऱ्याला डोलीतून रस्त्यापर्यंत पोहोचवणे ही कामे घरटी एक माणूस या न्यायाने होत असत. ती सर्वांचीच कर्तव्ये मानली जात असल्यामुळे त्यांबद्दल वेगळा सन्मान करण्याची कल्पना नव्हती. जो आला नाही त्याला वाडीच्या बैठकीत जाब विचारला जाई, पण जो दोन माणसांचे काम एकट्याने करी त्याच्या वाट्याला बैठकीत शब्दही येत नसे. मानापासून परंपरेने दूर ठेवलेल्या समाजांतील माणसांच्या श्रमांची नोंद तर देवळाच्या व्यवहारात कुठेच होत नसे. सेवेचा गौरव ही कल्पना या व्यवस्थेबाहेर वाढली आणि तिच्या वाढीमुळे गावात मान मिळण्याचा एक नवा मार्ग खुला झाला. या प्रथेचे सामाजिक महत्त्व प्रामुख्याने यातच आहे.

लोकांनी आपण होऊन दिलेली पदवी हा गौरवाचा एक आरंभीचा प्रकार होय. भंगीमुक्ती आणि ग्रामसफाईसाठी आयुष्य वेचणाऱ्या, तसेच 1948 मध्ये कणकवलीजवळ गोपुरी आश्रम स्थापन करणाऱ्या अप्पासाहेब पटवर्धन यांना लोक ‘कोकणचे गांधी’ म्हणू लागले, तेव्हा त्यामागे ना समिती होती ना समारंभ. पटवर्धनांचे काम प्रतिष्ठित समाजाला न रुचणारे होते, ही बाब येथे मुद्दाम लक्षात घ्यावी लागते. समाजाला सोयीच्या असलेल्या सेवेचा गौरव सहज होतो, गैरसोयीच्या सेवेला त्यासाठी वर्षानुवर्षे थांबावे लागते.

प्रथेला आजचे रूप मिळाले ते मुंबईतील गाववाल्यांच्या मंडळांमुळे. गिरण्या, गोदी आणि कचेऱ्यांत नोकरीला गेलेल्या चाकरमान्यांनी गावाच्या किंवा वाडीच्या नावाने मंडळे काढली, महिन्याची वर्गणी जमवली आणि त्या पैशांतून देऊळ, शाळा, पाणी, रस्ता अशी कामे हाती घेतली. बाहेर गेलेल्यांनी गावासाठी निधी उभारण्याची रीत त्याहून जुनी असून, दापोली तालुक्यातील मुरूड गावासाठी धोंडो केशव कर्वे यांनी उभारलेला मुरूड फंड हे तिचे एकोणिसाव्या शतकातील उदाहरण आहे. मंडळांचा कारभार पूर्णपणे स्वेच्छेने चालत असल्याने वर्षानुवर्षे हिशेब ठेवणारा खजिनदार, चाळीचाळींतून फिरून वर्गणी गोळा करणारा सभासद आणि सुट्टी टाकून गावच्या कामावर देखरेख करणारा कार्यकर्ता यांची दखल घेणे मंडळाला आवश्यक वाटू लागले. हे सत्कार मंडळाच्या सत्यनारायणाच्या पूजेला, वार्षिक स्नेहसंमेलनात किंवा परळ-दादर भागातील नाट्यगृहात गावकऱ्यांनीच केलेल्या नाटकाच्या मध्यंतरात होत आले. गावात हेच समारंभ गणेशोत्सव, शिमगा आणि मे महिन्याची सुट्टी या तीन हंगामांत होतात, कारण मुंबईकर आणि गावकर त्याच वेळी एकत्र असतात.

या व्यवस्थेत एक असमतोल मात्र दीर्घकाळ राहिला. पैसा मुंबईहून येत असल्यामुळे सत्कारही बहुधा मुंबईकर कार्यकर्त्यांचे झाले, तर गावात राहून तोच पैसा कामी लावणारे, म्हणजे गवंड्याला चहा पोहोचवण्यापासून चिरे मोजून घेण्यापर्यंत सर्व पाहणारे लोक, आभारप्रदर्शनातील ‘ज्ञात-अज्ञात हातां’त जमा झाले. अलीकडे काही मंडळांनी गावकर आणि मुंबईकर अशा दोन्ही बाजूंच्या प्रतिनिधींना निवडीत स्थान दिले आहे. हा बदल इष्ट असून तो पुष्कळ आधी व्हायला हवा होता.

समारंभातील वस्तूंपैकी शाल आणि श्रीफळ सर्वत्र सारखेच असतात. सिंधुदुर्गात सावंतवाडीची रंगीत लाकडी वस्तू भेट देण्याची चाल आहे, तर अन्यत्र फेटा बांधून सन्मानचिन्ह दिले जाते. या सर्वांत महत्त्वाचे असते ते मानपत्र. शिक्षकाने किंवा गावातील लिहित्या माणसाने ते तयार करायचे, समारंभात मोठ्याने वाचायचे आणि मग चौकटीत घालून सत्कारमूर्तींच्या हाती द्यायचे, असा क्रम असतो. उत्तम मानपत्रात काम नेमके सांगितलेले असते: कोणती विहीर, कोणता पूर, किती वर्षे, कोणाच्या सोबतीने. ‘निःस्वार्थी, निगर्वी, हसतमुख’ अशा विशेषणांनी भरलेले मानपत्र कोणालाही शोभते आणि म्हणून कोणाचेच नसते. सत्कारमूर्तीचे निधन झाल्यानंतरही ते भिंतीवर राहते आणि नातवंडांना त्यातून वाडीचा इतिहास कळतो. लेखी इतिहास नसलेल्या शेकडो वाड्यांमध्ये मानपत्रे आणि मंडळांची इतिवृत्ते हीच सार्वजनिक कामाची कागदोपत्री साधने आहेत, त्यामुळे त्यांतील तपशिलांना समारंभापलीकडचे मोल आहे.

सरकारी पातळीवरील सन्मानांचे स्वरूप ठरावीक आहे. प्रजासत्ताक दिन, महाराष्ट्र दिन आणि स्वातंत्र्य दिन या दिवशी जिल्हा मुख्यालयात गौरव केले जातात. राज्य शासनाच्या जिल्हा युवा पुरस्कारात युवक, युवती आणि संस्था यांची निवड होते, तर 31 मे रोजी अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाने ग्रामपंचायत पातळीवर सामाजिक कार्य करणाऱ्या महिलांचा सन्मान केला जातो. ग्रंथालय चळवळीतील कार्यकर्त्यांसाठी डॉ. एस. आर. रंगनाथन यांच्या नावाचा राज्य पुरस्कार आहे. रत्नागिरीचे 1828 मधील नगर वाचनालय आणि चिपळूणचे 1864 मधील लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर यांसारख्या जुन्या संस्था कार्यकर्त्यांच्या पिढ्यांनी टिकवून धरलेल्या या भूमीत त्या पुरस्काराला विशेष अर्थ आहे. बुडणाऱ्याचे किंवा संकटात सापडलेल्याचे प्राण वाचवणाऱ्यास केंद्र सरकारकडून तीन श्रेणींत जीवन रक्षा पदक दिले जाते. किनारपट्टीवरील आणि नदीकाठच्या लोकांशी या पदकाचा संबंध अगदी जवळचा आहे.

अलीकडच्या काळात या प्रथेला सर्वाधिक चालना नैसर्गिक आपत्तींनी आणि अपघातांनी दिली. 28 जुलै 2018 रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस आंबेनळी घाटात कोसळून 30 जणांचा मृत्यू झाला, तेव्हा खोल दरीत उतरून मृतदेह वर आणण्याचे काम गिर्यारोहक स्वयंसेवकांनी केले. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, त्या वेळी रस्त्यांवर पडलेली झाडे कापून वाट मोकळी करणारी पहिली माणसे बहुतेक ठिकाणी त्या त्या गावचीच होती. 22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण शहर पाण्याखाली गेले, तर महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली. त्यानंतर बचाव, अन्नदान आणि चिखल उपसण्याच्या कामांत भाग घेतलेल्यांचे गौरव करण्यात आले.

अशा प्रसंगी निवड सर्वांत कठीण असते. मदत साहित्याचा ट्रक घेऊन आलेली संस्था दिसते, तिची नोंद कागदावर असते. पाणी चढत असताना शेजारच्या म्हातारीला माळ्यावर चढवणारा मुलगा, होडी किंवा ट्यूब घेऊन गल्लीत शिरलेला तरुण, आपले घर बुडालेले असतानाही पन्नास माणसांचा भात शिजवणारी बाई यांची नोंद कोणी घेतलेली नसते. स्थानिक माणसाला पूररेषा, वहाळांचे फाटे आणि कोणाच्या घरी कोण अंथरुणाला खिळलेले आहे हे आधीच ठाऊक असते आणि बाहेरची मदत पोहोचण्यापूर्वीचे निर्णायक तास त्याच्याच हातात असतात. म्हणून नावे वाडीवाडीतून विचारून घेणे हाच न्याय्य मार्ग ठरतो. केंद्राच्या आपदा मित्र योजनेत प्रशिक्षित स्वयंसेवकांना ओळखपत्र, बचाव साहित्य आणि विमा दिला जातो. संकटात पुढे जाणाऱ्याच्या जिवाची आधीच काळजी घेणे हा देखील गौरवच आहे, आणि कोकणात तो अधिक मोठ्या प्रमाणावर होण्याची गरज आहे.

किनाऱ्यावरील कासव संवर्धनाने गौरवाचा वेगळा नमुना घडवला. मंडणगड तालुक्यातील वेळास येथे 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने ऑलिव्ह रिडले कासवांच्या अंड्यांचे संरक्षण सुरू केले. विणीच्या हंगामात पहाटे किनारा पायी तपासणे, घरट्यातील अंडी कुंपणाच्या आत तशाच खड्ड्यात हलवणे आणि सुमारे दीड-दोन महिन्यांनी बाहेर येणारी पिल्ले समुद्राकडे सोडणे हे काम करणाऱ्या ग्रामस्थांना ‘कासवमित्र’ म्हटले जाते. पूर्वी त्याच किनाऱ्यांवर अंडी खाण्यासाठी काढली जात. आता कासव महोत्सवाच्या दिवसांत पाहुण्यांसमोर कासवमित्रच माहिती सांगतात आणि गावाबाहेरून आलेली माणसे त्यांच्याकडून शिकतात. एखाद्याच्या ज्ञानाला असे जाहीर स्थान देणे शालीपेक्षा अधिक काळ टिकते. कासवमित्रांना मानधनही मिळते, म्हणून त्यांना स्वयंसेवक मानावे काय असा प्रश्न कधी उपस्थित केला जातो. परंतु रात्री-अपरात्री होणाऱ्या या कामाचा तो मोबदला नसून पोटापाण्याला हातभार असतो. जाळ्यात अडकलेला संरक्षित समुद्री जीव जाळे कापून सोडून देणाऱ्या मच्छीमारास राज्य शासनाकडून 25,000 रुपयांपर्यंत भरपाई मिळते. ही योजना 2018 च्या अखेरीस सुरू झाली. भरपाई हा पुरस्कार नव्हे, तथापि चांगल्या कृतीचा भुर्दंड गरिबाच्या माथी पडू नये ही तिची भूमिका सर्व गौरवांनी स्वीकारण्यासारखी आहे.

स्त्रियांच्या सेवेची दखल या प्रथेत उशिरा आणि अपुरी घेतली गेली. उत्सवातील महाप्रसाद, श्रमदानाच्या दिवसाचे जेवण, शाळेच्या कार्यक्रमाची तयारी ही कामे घरकामाचा विस्तार समजली गेली. बचत गट, महिला ग्रामसभा आणि वाडीतील महिला मंडळे यांमुळे त्यांच्याकडे निवडीचा अधिकार काही प्रमाणात आला आणि त्याबरोबर सत्कारमूर्तींची यादीही बदलली. आशा सेविका, रक्तदाते जमवणाऱ्या तरुणी, सर्पमित्र, अपघातग्रस्तांना महामार्गावरून रुग्णालयात नेणारे रिक्षाचालक अशी नावे आता मंडळांच्या पत्रिकांत आढळतात.

काही आक्षेप गंभीर आहेत. निवडणुकीच्या तोंडावर पक्षांच्या व्यासपीठांवरून होणारे सत्कार, देणगीच्या बदल्यात दिलेली सन्मानचिन्हे आणि एकाच सभेत शंभर जणांना गुंडाळलेल्या शाली यांमुळे खऱ्या कामाचे मोल उतरते. ‘हे देवाचे काम, त्याचा सत्कार कसला’ असे म्हणून सन्मान नाकारणारे वृद्ध कार्यकर्तेही कोकणात पुष्कळ आहेत. अशा वेळी काही गावांत त्यांच्या हस्ते नव्या पाखाडीचा किंवा विहिरीचा नारळ फोडून घेतात, आणि तो मान मात्र ते घेतात. मरणोत्तर गौरवात शोकसभेतील भाषणांऐवजी वाचनालयातील कपाट, शाळेतील बक्षीस किंवा बस थांब्यावरील निवारा त्या व्यक्तीच्या नावाने करण्याकडे कल असून, त्यासाठीची वर्गणी घरटी जमवली जाते.