‘पित्त झालंय’मागचा खडा

सोलापुरात ‘पित्त’ या शब्दात फार काही मावतं. छातीत जळजळलं की पित्त, आंबट उलटी झाली की पित्त, अंगावर गांधी उठल्या तरी पित्त, अर्धं डोकं ठणकलं तरी पित्तच. म्हणून लग्नाचं जेवण करून आलेल्या बाईच्या उजव्या बरगडीखाली मध्यरात्री कळ आली, पाठीत उजव्या खांद्याखाली गेली, तरी घरचे थंड दूध नाहीतर ॲसिडिटीची गोळी पुढे करतात. दोनेक तासांत कळ आपोआप ओसरते आणि श्रेय गोळीला जातं. माझ्या आत्यानं विड्या वळता वळता अशी सहा वर्षं काढली. शेवटी सोनोग्राफी केली, तेव्हा पित्ताशयात खडे दिसले.

मग दुसरा शब्द आडवा आला, ‘खडा’. आपल्या उन्हाच्या जिल्ह्यात मुतखडा सगळ्यांच्या ओळखीचा, त्यामुळे कुळथाचं कढण, पाणफुटीची पानं, तांब्याच्या तांब्या पाणी हे सगळं आत्याच्या वाट्याला आलं. मुतखडा लघवीच्या वाटेवर असतो, तिथे भरपूर पाणी पिण्याला अर्थ आहे. पित्ताशय यकृताखाली चिकटलेलं असतं आणि त्याची नळी आतड्यात उघडते. प्यायलेल्या पाण्यानं तिथला खडा वाहून जात नाही.

हा गोंधळ जुनाच आहे. सुश्रुतसंहितेत अश्मरीचे, म्हणजे खड्याचे, चार प्रकार येतात आणि त्यातला एक पित्ताचा, पण तो मूत्राशयातला खडा. आज पित्ताशयातल्या खड्याला ‘पित्ताश्मरी’ म्हणतात, तेव्हा जुनं नाव नव्या दुखण्याला लावलेलं असतं. गाईच्या पित्ताशयातला खडा मात्र आपल्याकडे पूर्वापार माहीत होता. औषधात आणि पूजेत वापरलं जाणारं गोरोचन म्हणजे तोच.

युरोपात फ्लोरेन्सच्या अंतोनियो बेनिव्हिएनी या वैद्याच्या 1507 साली छापलेल्या नोंदींत शवविच्छेदनात सापडलेल्या पित्तखड्यांचं वर्णन आहे. उपाय यायला त्यानंतर साडेतीन शतकं लागली. 1867 मध्ये अमेरिकेत इंडियानापोलिसला जॉन बॉब्ज यांनी एका स्त्रीचं पोट गाठ समजून उघडलं. आत फुगलेलं पित्ताशय होतं. त्यांनी खडे काढले आणि पिशवी शिवून टाकली. ती वाचली, पण पिशवी जागेवर राहिली की खडे पुन्हा होऊ शकतात. बर्लिनच्या कार्ल लांगेनबूख यांनी नेमका इथेच विचार पुढे नेला: पिशवीच खडे घडवते, तर पिशवीच काढावी. घोड्याला आणि हत्तीला पित्ताशय नसतं, हेही त्यांच्यासमोर होतं. आधी मृतदेहांवर हात बसवून त्यांनी 15 जुलै 1882 रोजी सोळा वर्षं दुखणं सोसणाऱ्या 43 वर्षांच्या माणसाचं पित्ताशय काढलं. तो बरा झाला. आजच्या उपचाराचा पाया तोच आहे.

कळ बऱ्याचदा जेवणानंतर का येते, हे विसाव्या शतकात उलगडलं. यकृत पित्तरस बनवतं, पित्ताशय त्यातला 30 ते 50 मिलिलिटर घट्ट करून साठवतं. तेलातुपाचं अन्न आतड्यात उतरलं की कोलेसिस्टोकायनिन हे संप्रेरक रक्तात सुटतं आणि पिशवी आवळते. हे संप्रेरक 1928 मध्ये सापडलं. तोंडाशी खडा अडकलेला असताना पिशवी आवळली की ती भयंकर कळ उठते. खडा मागे सरकला की थांबते. म्हणूनच ती गोळीनं गेल्यासारखी वाटते.

खडा दिसणं हीदेखील मोठी अडचण होती. 1924 मध्ये ग्रॅहॅम आणि कोल या अमेरिकी सर्जनांनी एक्स-रेत पित्ताशय उमटवणारं रसायन वापरलं, 1970 नंतर सोनोग्राफी आली. पुढे 1985 मध्ये जर्मनीत एरिक म्यूह यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. त्यांच्याच देशातल्या सर्जनांनी सुरुवातीला ते धुडकावलं, याचं मला फार वाईट वाटतं. भारतात 1990 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उदवाडिया यांनी ही शस्त्रक्रिया केली. यंत्रमागावर ज्याचं पोट आहे, त्याला बरगडीखालची लांब चीर भरेपर्यंत कित्येक आठवडे बिनपगारी बसणं आणि एक-दोन दिवसांत घरी येणं यातला फरक समजावून सांगावा लागत नाही.

सोनोग्राफीत सहज दिसलेला, कधीच न दुखलेला खडा बहुतेकदा तसाच गप्प राहतो आणि त्याला सहसा हात लावायची गरज नसते. एकदा कळ येऊन गेली की मात्र ती परत येण्याचा संभव बराच असतो; तेव्हा सर्जनला भेटावं. कळ आली असताना डायक्लोफिनॅकसारखं वेदनाशामक डॉक्टरांच्या सल्ल्यानं चालतं. खडा विरघळवणाऱ्या गोळ्या कोलेस्टेरॉलच्या लहान खड्यांपुरत्याच उपयोगी, त्याही महिनोन्‌महिने घ्याव्या लागतात आणि थांबवल्यावर खडे बऱ्याचदा परत होतात. मोबाइलवर फिरणाऱ्या ऑलिव्ह तेल-लिंबाच्या उपायानंतर शौचातून पडणाऱ्या हिरव्या गोळ्या म्हणजे त्या तेलाचाच पोटात झालेला साबण असतो.

कळ पाच-सहा तास हटत नसेल, थंडी वाजून ताप आला, डोळे पिवळे झाले किंवा उलट्या थांबेनात, तर सकाळची वाट न पाहता रात्रीच दवाखाना गाठावा. पित्ताशयाला सूज, नळीत अडकलेला खडा किंवा स्वादुपिंडाचा दाह, यांपैकी काहीही असू शकतं. आणि वय झालेल्या किंवा मधुमेही माणसाच्या पोटाच्या वरच्या भागात अशी कळ आली, तर आधी ईसीजी काढून घ्यावा. हृदयविकाराचा झटकाही कधी कधी तिथेच दुखतो.