मोठ्या आकाराच्या इंकजेट छपाईतील रंगप्रोफाइल व मीडिया सेटिंग : मराठवाड्यातील व्यवहार

फ्लेक्स, व्हाइनल, कॅनव्हास अशा रुंद रोलवर इंकजेट मशिनने छापताना फाइलमधला रंग शक्य तितका तसाच उतरावा, म्हणून रंगप्रोफाइल आणि मीडिया सेटिंग या दोन गोष्टी जुळवाव्या लागतात. प्रोफाइल ही एक लहानशी फाइल असते. अमुक मशिन, अमुक शाई आणि अमुक माल एकत्र आले की शाईच्या कोणत्या प्रमाणातून डोळ्याला कोणता रंग दिसतो, याचा तक्ता तिच्यात असतो. मीडिया, म्हणजे ज्यावर छापायचे तो माल. त्याच्या सेटिंगमध्ये हीटरचे तापमान, पासची संख्या (एकाच पट्ट्यावरून हेड किती वेळा फिरतो), शाई फेकणाऱ्या हेडची उंची, रोल पुढे सरकण्याचे माप म्हणजे फीड, माल सपाट धरणारा व्हॅक्यूम आणि शाईची मर्यादा येते. मराठवाड्यातल्या फ्लेक्सच्या दुकानांत हे सगळे मिळून ‘कलर सेटिंग’ म्हटले जाते. तक्रार आली की कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडून मॅजेंटा, म्हणजे गुलाबीसर लाल, कमी करायचा, हा रिवाज. बिघाड मात्र बऱ्याचदा मशिनच्या बाजूला असतो आणि फाइल बदलून तो फक्त झाकला जातो.

प्रोफाइलची पद्धत ज्या नियमांवर चालते ते आंतरराष्ट्रीय कलर कन्सॉर्टियम, म्हणजे आयसीसी, या संस्थेचे. अडोबी, ॲपल, मायक्रोसॉफ्ट, कोडॅक, अग्फा यांच्यासह आठ कंपन्यांनी ती १९९३ मध्ये स्थापन केली. पुढे २००५ मध्ये हा नमुना आयएसओ १५०७६ म्हणून प्रमाणित झाला. मुख्य कल्पना सोपी आहे. मोबाइल, कॅमेरा, संगणकाचा पडदा आणि छपाईचे मशिन यांचे आकडे एकमेकांना थेट कळत नाहीत, म्हणून मध्ये कोणत्याही यंत्रावर अवलंबून नसलेली एक रंगमोजणी ठेवायची. ती १९७६ ची लॅब पद्धत. फाइलचे प्रोफाइल रंगाला लॅबमध्ये नेते आणि मशिनचे प्रोफाइल तिथून सीएमवायके, म्हणजे सायन (निळसर), मॅजेंटा, पिवळा आणि काळा या चार रंगांच्या शाईत उतरवते. हे काम मशिनला जोडलेले, फाइलचे छपाईच्या ठिपक्यांत रूपांतर करणारे रिप सॉफ्टवेअर करते.

मराठवाड्यात पाट्या आणि बॅनर पूर्वी पेंटर ऑइल पेंटने रंगवत. २००० नंतरच्या दशकात दहा फुटी सॉल्व्हंट मशिने आली आणि जिल्ह्याच्या गावांपासून तालुक्यापर्यंत पोहोचली. मशिनबरोबर आलेले तयार प्रोफाइल कित्येक दुकानांत वर्षानुवर्षे तेच राहते. मालाचा पुरवठादार बदलतो, शाईची कंपनी बदलते, हेड बदलतो, तरी रिपमध्ये नाव तेच, ‘स्टार फ्लेक्स न्यू फायनल’. असे प्रोफाइल खोटे बोलते. ते ज्या तीन गोष्टींसाठी मोजले गेले, त्यांतली एकही आता तशीच उरलेली नसते.

सेटिंगचा क्रम इथे फार महत्त्वाचा आहे. आधी हेडची बारीक छिद्रे तपासणारी नोझल टेस्ट काढून एकही लाइन तुटलेली नाही हे पाहायचे, मग हेडची जुळणी, मग फीड. फीड कमी पडला तर पासच्या जोडावर गडद रेघ येते, जास्त झाला तर पांढरी. ‘लाइन पडते’ म्हणतात ते हेच. जाड फ्लेक्स आणि पातळ व्हाइनल एकाच मापाने सरकत नाहीत, म्हणून माल बदलला की फीड पुन्हा पाहावा लागतो. त्यानंतर शाईची मर्यादा, मग लिनियरायझेशन (प्रत्येक शाई फिक्यापासून गडदपर्यंत सारख्या टप्प्यांत चढेल असे करणे), आणि सगळ्यात शेवटी प्रोफाइल. आधीची एखादी पायरी नंतर हलवली तर प्रोफाइल पुन्हा करावे लागते. चार पासला मोजलेले प्रोफाइल दोन पासला लावले की रंग बदललाच समजा.

शाईची मर्यादा हा भाग दुकानात सगळ्यात कमी पाहिला जातो. चारही रंग पूर्ण दिले तर बेरीज ४०० टक्के होते. एवढी शाई फ्लेक्स पेलू शकत नाही. सॉल्व्हंट शाई पीव्हीसीचा वरचा थर किंचित मऊ करते आणि रंगद्रव्य त्यात बसते, मग उष्णतेने सॉल्व्हंट उडून जाते. शाई जास्त झाली की ती वर साचते, ठिपके ठिपके दिसतात, आणि गुंडाळलेला बॅनर दुसऱ्या दिवशी उलगडताना चिकटतो. मर्यादा ठरवायला १०० टक्क्यांपासून ४०० पर्यंत चढत जाणाऱ्या चौकोनांची पट्टी छापतात. ती वाळल्यावर बोट फिरवायचे आणि तिरप्या उजेडात पाहायचे. जिथून पुढे काळेपणा वाढत नाही, नुसती चमक आणि ओल वाढते, त्याच्या अलीकडे थांबायचे. बहुतेक फ्लेक्सवर ही मर्यादा २२० ते २८० च्या आसपास येते. नुसता १०० टक्के काळा फ्लेक्सवर राखाडी दिसतो म्हणून डिझायनर सगळे रंग शंभरवर नेतात. त्याऐवजी सी ६०, एम ४०, वाय ४०, के १०० असा २४० टक्क्यांचा काळा पुरेसा गडद येतो.

रंगाची खरी परीक्षा एप्रिलमध्ये होते. १४ एप्रिलच्या आंबेडकर जयंतीला संभाजीनगर, नांदेड, परभणी इथल्या दुकानांत रात्रभर निळा छापला जातो, आणि ‘भाऊ, निळा जांभळा आला की!’ ही तक्रारही तेव्हाच येते. याची कारणे एकावर एक चढलेली आहेत. पडद्यावरचा, लाल-हिरवा-निळा उजेड मिसळून (आरजीबी) दिसणारा चमकदार निळा सीएमवायके शाईच्या आवाक्याबाहेर असतो. त्याला आवाक्यात ओढून आणताना लॅबमध्ये रंगछटा स्थिर धरली तरी डोळ्याला तो जांभळ्याकडे झुकलेला दिसतो; निळ्याच्या पट्ट्यात लॅबची मोजणी डोळ्याशी नीट जुळत नाही, हा तिचा ओळखीचा दोष आहे. त्यात डिझायनरने सायन १०० आणि मॅजेंटा १०० दिला असेल तर जांभळाच येणार. जुने कारागीर मॅजेंटा ६० ते ७० च्या वर जाऊ देत नाहीत, आणि ते बरोबर आहे. निळ्याचा एकच आकडा ठरवून, तो त्या मालावर छापून, तो तुकडा भिंतीला लावून ठेवणारी दुकाने जयंतीच्या आठवड्यात निवांत असतात.

भगव्याला इतका त्रास नाही. पिवळा १०० आणि मॅजेंटा ६० च्या जवळपास ठेवला की शिवजयंतीचे काम निघते. पिवळ्याचा त्रास निराळा. लग्नाच्या बॅनरवरचा हळदी पिवळा प्रोफाइलमधून गेला की रिप त्यात थोडा सायन आणि मॅजेंटा घालते, कारण फाइलमधला पिवळा आणि मशिनची पिवळी शाई यांची छटा तंतोतंत एक नसते. मोजमापाने रंग बरोबर असतो, पण मोठ्या थेंबाच्या हेडवर पिवळ्यात निळे कण विखुरलेले दिसतात. रिपमध्ये शुद्ध रंग तसेच राखण्याचा पर्याय असतो. पिवळा आणि काळी अक्षरे यांसाठी तो चालू ठेवावा. आवाक्याबाहेरचे रंग आत आणण्याच्या पद्धतींत, फोटोसाठी सगळेच रंग प्रमाणात आकसणारी पर्सेप्चुअल आणि लोगोसाठी आवाक्यातले रंग जसेच्या तसे ठेवणारी रिलेटिव्ह कलरिमेट्रिक, हा ढोबळ नियम बहुतेक वेळा चालतो.

लातूरला निकालाच्या दिवसांत शिकवणी वर्गांच्या फ्लेक्सवर गुणवंतांचे शेकडो चेहरे एका चौकटीत येतात. फोटो व्हॉट्सॲपवरून, वेगवेगळ्या फोनमधून आलेले. काही फोन एसआरजीबी या पडद्यांच्या सर्वसाधारण प्रमाणित रंगपट्ट्यापेक्षा रुंद पट्ट्यात फोटो काढतात. वाटेत प्रोफाइल गळून पडले की तेच चेहरे निस्तेज होतात. अशा कामात सगळे फोटो आधी एसआरजीबीत आणून मग मांडणी करणे एवढाच उपाय. पुढाऱ्याचा चेहरा गोरा करून देण्याची मागणी मात्र प्रोफाइलच्या कक्षेत येत नाही, जरी दोष त्यालाच दिला जातो.

मेडिकल आणि सराफी दुकानांच्या बॅकलिट, म्हणजे मागून दिवे लावलेल्या, पाट्यांना वेगळे सेटिंग लागते. साध्या फ्लेक्सवर उजेड शाईच्या थरातून दोनदा जातो, आत जाताना आणि परत येताना. बॅकलिटमध्ये तो एकदाच जातो, म्हणून तेवढ्याच शाईत पाटी रात्री फिकट दिसते. त्यासाठी शाई वाढवून, पास वाढवून, मागून उजेड देऊन मोजलेले प्रोफाइल हवे. ट्यूबलाइटसमोर तुकडा धरून अंदाज घेण्याची पद्धत वाईट नाही. दिवसा टेबलावर पाहून पसंत करणे वाईट.

हवामान हा इथला खास भाग. मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर असतो आणि हवा कोरडी. पीव्हीसीवर स्थिर वीज साठते, बारीक थेंब भरकटतात, कडा धुरकट येतात आणि नोझल सुकतात. या मशिनांना साधारण ४० ते ६० टक्के आर्द्रता मानवते. उन्हाळ्यात खोलीत कूलर लावणारे दुकानदार नकळत योग्य तेच करतात, फक्त वारा थेट हेडवर येऊ नये. तोच कूलर पावसाळ्यात चालू राहिला तर शाई वाळत नाही. पत्र्याच्या शेडमध्ये तापलेला रोल लगेच चढवला की हीटरच्या ४०-५० अंशांत तो फुगतो आणि हेड घासतो. रोल एक दिवस मशिनच्या खोलीत ठेवावा. वीज गेली की हीटर थंड होतो आणि छपाई पुन्हा सुरू केल्यावर पहिली फूटभर वेगळ्या छटेची येते. बॅटरीवर मशिन चालले तरी हीटरचा भार त्यावर सहसा घेत नाहीत.

संभाजीनगरजवळच्या वाळूज, शेंद्रा इथले कारखाने प्रदर्शनांसाठी छापून घेतात तेव्हा ब्रँडच्या रंगाचा आकडा आणि डेल्टा ई ची मर्यादा लिहून देतात. डेल्टा ई म्हणजे मागितलेला आणि छापलेला रंग यांतले मोजलेले अंतर. अशा कामाला स्पेक्ट्रोफोटोमीटर, म्हणजे रंग मोजणारे उपकरण, लागतेच. ते उपकरण महाग आहे. एका दुकानाला परवडत नसेल तर प्रोफाइल बाहेरून करून घेता येते, पण पट्टी आपल्याच मशिनवर, आपल्याच मालावर आणि रोजच्याच पासला छापलेली हवी. एकच काम पुन्हा छापायचे असेल तर पहिल्या छपाईच्या कडेला मालाचे नाव, पास, तापमान आणि प्रोफाइलचे नाव बारीक अक्षरांत छापून ती पट्टी कापून ठेवतात.

प्रोफाइल छपाईच्या दिवसाचा रंग सांगते, पुढचा नाही. उन्हात पिवळा आणि मॅजेंटा लवकर उडतात, सायन आणि काळा टिकतात. म्हणून जुने बॅनर निळसर पडतात. १ जुलै २०२२ पासून १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरवर देशभर बंदी आहे, त्यामुळे काही कामे कापडाकडे वळली. कापडाचा पांढरेपणा आणि शाई पिण्याची रीत फ्लेक्सपेक्षा अगदी निराळी असल्याने तिथे फ्लेक्सचे कोणतेही सेटिंग उपयोगी पडत नाही. शाईच्या मर्यादेपासून सगळे नव्याने मोजावे लागते.