लॉस एंजेलिस किस

लॉस एंजेलिस किस : अमेरिकेतील अरीना फुटबॉल लीगमध्ये २०१४ ते २०१६ असे तीन हंगाम खेळलेला व्यावसायिक इनडोअर अमेरिकन फुटबॉल संघ. ‘एलए किस’ याच नावाने तो ओळखला जाई. ‘किस’ या प्रसिद्ध रॉक बँडचे जीन सिमन्स आणि पॉल स्टॅनली, बँडचे व्यवस्थापक डॉक मॅगी आणि या लीगमध्ये आधीपासून मुरलेले ब्रेट बुशी हे त्याचे मालक. घरचे सामने कॅलिफोर्नियातील ॲनाहाइम शहरातल्या होंडा सेंटरमध्ये होत. तीन हंगामांत मिळून संघ ५२ साखळी सामने खेळला आणि त्यांपैकी १४ जिंकला.

संघाची गोष्ट कळायला आधी हा खेळ थोडा समजून घ्यावा लागतो. अरीना फुटबॉल आइस हॉकीच्या बंदिस्त रिंगणात, बर्फाच्या जागी कृत्रिम हिरवळ अंथरून खेळतात. मैदान ५० यार्ड लांब आणि ८५ फूट रुंद, म्हणजे लांबी नेहमीच्या अमेरिकन फुटबॉलच्या निम्मी आणि रुंदी निम्म्याहून थोडी जास्त. एका बाजूला ११ ऐवजी आठच खेळाडू. कडेला मोकळी जागा जवळजवळ नसते, तिथे जाड गादी लावलेला कठडा असतो. धावत आलेला खेळाडू त्यावर आदळतो, कधी कधी कठड्यावरून उलटून थेट पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकांच्या मांडीवर पडतो. प्रेक्षकांत गेलेला चेंडू ज्याच्या हाती लागेल त्याचा. तो परत मागत नाहीत.

या खेळाची खरी गंमत गोलपोस्टच्या दोन्ही बाजूंना ताणलेल्या जाळ्यांत आहे. प्रत्येक जाळी ३० फूट रुंद आणि ३२ फूट उंच. किक मारलेला चेंडू जाळीवर आपटून मैदानात परत आला की खेळ चालूच राहतो. मागे उभ्या असलेल्या खेळाडूला वर बघत बघत चेंडू कोणत्या कोनातून उसळेल याचा अंदाज बांधावा लागतो, आणि त्याच वेळी समोरून आठ जण त्याच्यावर चालून येत असतात. क्वार्टरबॅकने, म्हणजे चढाईची सूत्रे सांभाळून पास फेकणाऱ्या खेळाडूने, फेकलेला पासही जाळीला लागून उसळला आणि जमिनीला टेकण्याआधी झेलला, तर तो वैध धरतात. पंट मारायची, म्हणजे चेंडू लाथेने दूर उडवून प्रतिस्पर्ध्याच्या हवाली करायची, मुभा नाही, त्यामुळे चेंडू हाती असलेल्या संघाला गुण मिळवण्यासाठी झटण्यावाचून गत्यंतर नसते. एकेका संघाचे पन्नास-साठ गुण होणे ही इथे रोजची बाब.

हा खेळ जिम फॉस्टर यांच्या डोक्यातून आला. ११ फेब्रुवारी १९८१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये इनडोअर सॉकरचा सामना बघत असताना त्यांनी एका लिफाफ्यावर त्याचा पहिला आराखडा काढला. १९८७ साली चार संघांनिशी लीग सुरू झाली. जाळ्यांसह या खेळाचे पेटंट २००७ पर्यंत होते, म्हणून तोवर इतर इनडोअर लीगना जाळ्यांशिवायच खेळावे लागले. २००९ चा हंगाम लीगने रद्द केला, जुनी कंपनी दिवाळखोरीत गेली आणि २०१० मध्ये नव्या मालकीखाली, कमी खर्चात लीग पुन्हा उभी राहिली. एलए किस या दुसऱ्या, काटकसरीच्या पर्वातले अपत्य. खेळाडूंना सामन्यामागे हजार डॉलरही मिळत नसत.

लॉस एंजेलिसची निवड मात्र विचारपूर्वक होती. १९९४ च्या हंगामानंतर रॅम्स आणि रेडर्स हे एनएफएलचे, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या सर्वांत मोठ्या लीगचे, दोन्ही संघ हे महानगर सोडून गेले आणि अमेरिकेतली दुसऱ्या क्रमांकाची ही बाजारपेठ तब्बल दोन दशके एनएफएलविना राहिली. अरीना फुटबॉल इथे नवे नव्हते. १९८८ मध्ये कोब्राज हा संघ एकच हंगाम टिकला. १९९६-९७ मध्ये पिरान्हाज संघ ॲनाहाइमच्या याच होंडा सेंटरच्या इमारतीत खेळून गेला, आणि २००० ते २००८ पर्यंत ॲव्हेंजर्स होता. ही नावे बघता नव्या मालकांपुढचे आव्हान किती कठीण होते ते कळते.

संघाची घोषणा ऑगस्ट २०१३ मध्ये झाली. १९७३ पासून चेहऱ्याला रंग फासून, तोंडातून आग ओकत रंगमंच गाजवणाऱ्या किस बँडने आपले नाव शवपेटीलासुद्धा देऊन झाले होते. संघाला देणे ही पुढची पायरी होती. मालकांनी टिम टीबो या तेव्हा संघाविना असलेल्या नामवंत क्वार्टरबॅकला जाहीर आमंत्रण दिले. तो आला नाही, पण वर्तमानपत्रांत नाव गाजले. पूर्ण हंगामाचे तिकीट ९९ डॉलरपासून होते आणि त्यावर किसची मैफल मोफत. ज्या शहरात मोठ्या संघांच्या एका सामन्यालाही कुटुंबाचा खिसा रिकामा होतो, तिथे ही योजना खरोखर उदार होती, आणि मला ती या संघाची सर्वांत चांगली कल्पना वाटते.

मैदानाची हिरवळ हिरवी नव्हती, चंदेरी होती. पोशाखावर ज्वाळांची नक्षी. सामन्याआधी आणि मध्यंतरात गिटार, आतषबाजी, सायकलच्या कसरती, टांगलेल्या पिंजऱ्यांत नाचणाऱ्या मुली. २०१४ च्या एप्रिलमध्ये बँडचा रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला, त्यामुळे नाव ऐन बहरात होते. ऑगस्टमध्ये एएमसी वाहिनीवर ‘फोर्थ अँड लाउड’ ही संघाच्या पहिल्या हंगामावरची रिॲलिटी मालिका आली.

खेळाचे काय? प्रशिक्षक बॉब मॅकमिलन शिकागो रश या बंद पडलेल्या संघाकडून आले होते, जे. जे. रेटरिंक क्वार्टरबॅक होता. पहिल्या हंगामात १८ पैकी ३ विजय, दुसऱ्यात ४. आतषबाजी बघायला माणूस एकदा येतो, कदाचित दोनदा. तिसऱ्यांदा तो येतो ते संघ जिंकेल या आशेने, आणि ती आशा या दोन वर्षांत जवळपास नव्हतीच. दुसरी अडचण भूगोलाची. नाव लॉस एंजेलिसचे, पण सामने शेजारच्या ऑरेंज काउंटीत, शहराच्या मध्यापासून सुमारे चाळीस किलोमीटरवर. संध्याकाळच्या वाहतुकीत हे अंतर पार करणे म्हणजे सामन्यापेक्षा मोठी कसरत. ॲनाहाइमकरांना नावात आपले गाव दिसत नव्हते आणि लॉस एंजेलिसकरांना संघ आपल्या शहरात दिसत नव्हता.

२०१६ मध्ये ओमार स्मिथ मुख्य प्रशिक्षक झाले आणि संघ बदलला. १६ सामन्यांत ७ विजय मिळाले. त्या वर्षी लीगमध्ये आठच संघ उरले होते आणि आठही जणांना बाद फेरीत प्रवेश होता, त्यामुळे नुसत्या प्रवेशाचे अप्रूप नव्हते. पण ४ विजयांवरून ७ वर येणे ही प्रगती खरी होती. बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात क्लीव्हलँड ग्लॅडिएटर्सने संघाला हरवले. तो एलए किसचा शेवटचा सामना ठरला. त्या शरदात संघाने गाशा गुंडाळला आणि ऑक्टोबरमध्ये त्याच्या खेळाडूंचे उरलेल्या संघांत वाटप झाले.

या शेवटाचे खापर एकट्या रॉकस्टारांवर फोडणे अन्यायाचे होईल. लीगमध्ये २०१४ साली १४ संघ होते, २०१५ मध्ये १२, २०१६ मध्ये ८ आणि २०१७ मध्ये ५. सॅन होजे सेबरकॅट्स या संघाने २०१५ मध्ये साखळीत १८ पैकी १७ सामने जिंकून विजेतेपद मिळवले, आणि काही महिन्यांत तोही बंद झाला. विजेत्यालाच जिथे परवडत नव्हते तिथे तळाच्या संघाचे काय चालणार? त्याच २०१५ मध्ये ‘मॉटली क्रू’ या रॉक बँडचे गायक व्हिन्स नील यांचा लास व्हेगास आउटलॉज हा संघ एका हंगामात संपला. याउलट गायक जॉन बॉन जोव्ही यांच्या सहमालकीत २००४ साली सुरू झालेला फिलाडेल्फिया सोल २००८ मध्ये विजेता झाला, आणि बॉन जोव्ही बाजूला झाल्यावरही २०१६ आणि २०१७ मध्ये पुन्हा जिंकला. त्या संघाचे नाव बँडचे नव्हते, म्हणून संगीतकार गेल्यावरही तो शहराचा राहू शकला. एलए किसला ती सोय नव्हती.

जानेवारी २०१६ मध्ये रॅम्सच्या लॉस एंजेलिसला परतण्याला एनएफएलने मंजुरी दिली, आणि ज्या रिकाम्या जागेच्या भरवशावर एलए किस उभा राहिला होता ती जागाच भरली. १९८० ते १९९४ या काळात रॅम्स ॲनाहाइमच्या ज्या स्टेडियममध्ये खेळत, ते होंडा सेंटरच्या अगदी जवळ आहे. अरीना फुटबॉल लीग नोव्हेंबर २०१९ मध्ये दिवाळखोरीत निघाली. २०२४ मध्ये तेच नाव घेऊन १६ संघांची नवी लीग सुरू झाली, तिच्यात लॉस एंजेलिसचा संघ नव्हता. तिचेही अनेक संघ काही आठवड्यांतच गळाले, आणि त्यांत नव्याने उभा केलेला फिलाडेल्फिया सोलही होता.